अकरा महिन्यांची वाई

पुण्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरनं महिन्याच्या भाड्यापोटी जी रक्कम देऊ केली, तेवढ्यात त्या भागात दोन खोल्या मिळणं शक्यच नव्हतं. माझं भाषांतराचं काम घरबसल्या चालतं. बाबा निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. एका सकाळी चहात खारी बुडवता बुडवता ते म्हणाले, "वाईला जाऊ या की."

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यांचं ठरलं होतं. तरुणपणी महाबळेश्वरला जाताना त्यांची एसटी वाई स्टँडवर वीस मिनिटं थांबली होती. तेवढ्यात हे पळत जाऊन घाट बघून आले होते, आणि परत येईपर्यंत कंडक्टरनं डबल बेल दिली होती. तो घाट नीट बसून बघायचा राहिलाय, असं त्यांचं म्हणणं. पन्नास वर्षांची थकबाकी वसूल करायला म्हणून आम्ही निघालो, असं म्हटलं तरी चालेल.

पुण्याहून वाई नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, की हायवेचा आवाज मागे पडतो आणि समोर डोंगर जवळ येऊ लागतात. घर शोधायला तीन चकरा झाल्या. एजंट दर वेळी आम्हाला गावाबाहेरचे फ्लॅट दाखवायचा. लिफ्ट, पार्किंग, बाल्कनीतून पांडवगड. बाबा प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचे, "इथून नदी किती पावलांवर?" एजंट म्हणायचा, गाडीनं पाच मिनिटं. बाबा म्हणायचे, गाडी कोण चालवणार?

शेवटी मिळाली ती एका वाड्यातली माडी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली चौक, चौकात तुळशीवृंदावन आणि लोखंडी जाळीनं झाकलेला आड. जिना इतका उभा की धरायला दोर बांधलेला. बाबांच्या गुडघ्यांकडे बघून मी नको म्हणत होते, पण ते दोर धरून वर गेलेसुद्धा. मालकीणकाकू पंच्याहत्तरीच्या. त्यांनी भाड्याच्या आधी स्वयंपाकाचं विचारलं. कांदालसूण चालेल, बाकीचं वाड्याच्या बाहेर. मग भाडं सांगितलं आणि म्हणाल्या, "अकरा महिने राहा. मग बघू."

भाडेकराराची गंमत सांगायलाच हवी. हल्ली ही नोंदणी ऑनलाइन होते. एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. पण वाड्याच्या भिंती दोन हात जाड, आत नेटवर्कची एक काडी येईना. चौकात नाही, ओसरीवर नाही, माडीवरही नाही. अखेर काकू म्हणाल्या, "घाटावर चला, तिथे येतं. पोरं तिथेच जाऊन फोन बघतात." मग आमची वरात घाटावर. पायरीवर लॅपटॉप ठेवून काकूंनी अंगठा दिला, मी दिला. काकूंचा अंगठा काही केल्या उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच झिजल्या होत्या. सहाव्या वेळी उमटला. साक्षीला बाबा आणि तिथे नुसते बसलेले एक गृहस्थ. हे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर निघाले. पुढच्या अकरा महिन्यांत बाबांचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो यांच्यासोबत. आम्ही त्यांना कंडक्टरकाका म्हणायला लागलो.

जूनचा पहिला आठवडा होता. खरं सांगायचं तर पहिल्या दर्शनात कृष्णेनं निराश केलं. फोटोत बघितलेलं ते देवळाचं प्रतिबिंब वगैरे काही नाही. पात्रात मधोमध पाण्याचा पट्टा, त्यावर जलपर्णीची हिरवी गादी, काठाला नारळाची करवंटी, हारांच्या दोऱ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या. ज्या गावाला दक्षिणकाशी म्हणतात त्याची नदी अशी? मी तसं बोलूनही दाखवलं. कंडक्टरकाका म्हणाले, "आवं, उन्हाळा हाय. धरणात बसलीय ती. येईल."

वाईच्या वर आठ-नऊ किलोमीटरवर धोमचं धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट पाण्याचं. नदी गावात कधी आणि किती येणार हे तिथे ठरतं. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडलं की नाही, याची खबर इथे पेपरच्या आधी घाटावर कळते. मी पुण्यात वाढलेली, नळाला पाणी आलं की नाही एवढाच माझा पाण्याशी संबंध. इथे लोक नदीबद्दल असं बोलतात जसं घरातल्या एखाद्या बाईबद्दल बोलावं. आली, गेली, फुगली, रुसली. तिला नावही तसंच, कृष्णाबाई.

गावात रुळायची पहिली परीक्षा पत्त्याची. दळण टाकायला गेले, गिरणीवाल्यानं विचारलं, "कुठल्या आळीत?" मी घराचा नंबर सांगितला. त्यानं तो ऐकलाच नसावा. "आळी कुठली?" दूधवाला तेच, गॅसवाला तेच, बँकेतला शिपाईसुद्धा तेच. गावात नदीकाठानं सात आळ्या: भीमकुंड, धर्मपुरी, गणपती, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. प्रत्येकीचा आपला घाट, आपली देवळं आणि शेजारच्या आळीबद्दल आपली ठाम मतं. आमची कुठली ते मी इथे सांगत नाही, कारण काकू वाचतील आणि दुसऱ्या आळीबद्दल मी जे पुढे लिहिणार आहे त्यावरून मला फोन येईल.

जुलैत पाऊस लागला. लागला म्हणजे वर लागला. हे समजायला मला पंधरा दिवस गेले. महाबळेश्वर वाईपासून जेमतेम बत्तीस किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की तोच पाऊस हजाराच्या आत. डोंगर सगळं अडवतात. त्यामुळे वाईचा पूर वाईच्या पावसाचा नसतोच. इकडे ऊन पडलेलं असतं, काकू चौकात पापड वाळवत असतात, आणि नदी पायरी पायरी वर चढत असते.

ही चढण मोजायची कला कंडक्टरकाकांनी बाबांना शिकवली. घाटाच्या वरच्या पारापासून खाली मोजत जायचं, पाण्याच्या वर किती पायऱ्या कोरड्या राहिल्या. उन्हाळ्यात मोजण्यात अर्थ नाही, पाणी पायऱ्या सोडून लांब गेलेलं असतं. पाणी शेवटच्या पायरीला लागलं की मोजणी सुरू. एकोणीस. मग सतरा. काका आयुष्यभर प्रवासी मोजत आलेले, पायऱ्याही तशाच मोजायचे, ओठ हलवत, बोटानं हवेत टिंब देत. बाबा घरी येऊन कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायचे, जिथे आई पूर्वी दुधाचा हिशेब लिहायची.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री आकडा अकरा होता. सकाळी सहाला बाबांनी मला उठवलं. सात. गावात नगरपालिकेची रिक्षा भोंगा लावून फिरत होती: धरणातून विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं ते माप, हा शब्द त्या सकाळी मी शेंगदाणे विकणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकला, आणि तिला तो बरोबर कळत होता. पाण्याचा रंग चहासारखा. त्यातून झाडाची फांदी, डालडाचा डबा, एक अख्खं केळीचं खोड असं काहीबाही जात होतं. घाटावरची छोटी देवळं एकेक करून बुडाली. आधी नंदी, मग उंबरा, मग नुसतं शिखर, आणि मग त्या जागी पाण्याला फक्त एक वळसा.

सगळे गणपती आळीच्या घाटाकडे निघाले होते, आम्हीही गेलो. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या. आत मूर्ती एकाच दगडातली, भलीमोठी, पोट सुटलेली, म्हणून ढोल्या. हे सगळं मला माहीत होतं. पाहुण्यांना सांगूनही झालं होतं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून, हेही मी पाठ केल्यासारखं सांगत असे. पण त्या सकाळी ती भिंत काय करते ते दिसलं. नदी पूर्ण जोरानं येत होती, देवळावर आदळणार असं वाटत होतं आणि आदळतच नव्हती. भिंतीच्या टोकाला येऊन पाणी फाटत होतं. दोन्ही बाजूंनी फेसाच्या दोन जाड वेण्या निघत होत्या आणि पुढे जाऊन पुन्हा एकत्र गुंफल्या जात होत्या. पाणी गाभाऱ्यात शिरलं होतं, गणपती मांडीपर्यंत पाण्यात होता, पण देऊळ हलत नव्हतं. अडीचशे वर्षांहून जास्त काळ दर पावसाळ्याला ही परीक्षा द्यायची आणि पास व्हायचं. ज्या कारागिरानं हा आकार काढला त्याचं नाव कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही, रास्त्यांचं मात्र सगळीकडे आहे.

त्या दिवशी कमीत कमी आकडा पाच होता. दुपारनंतर पाणी उतरायला लागलं. काकूंनी खण, नारळ, तांदूळ घेऊन नदीची ओटी भरली. खण पाण्यात सोडला नाही, पाण्याला लावून परत आणला. "पूर्वी सोडायचे. आता त्या साफसफाईवाल्या मुलांच्या हाताला लागतो, बरं वाटत नाही."

ती साफसफाईवाली मुलं म्हणजे दर रविवारी सकाळी घाट साफ करणारा गट. मुलं म्हणायचं, पण त्यात साठीचे लोक जास्त. पूर ओसरला की महिन्याभरात जलपर्णी पुन्हा जमते. मी चार रविवार गेले. पाचव्या रविवारी पाठ धरली, मग नाही गेले. जलपर्णी लांबून बघताना फुलासारखी दिसते, जांभळी फुलंही येतात तिला. पाण्यात उतरून ओढायला लागलात की कळतं. एकेका गड्डीखाली हातभर लांब काळ्या मुळ्यांच्या जटा, त्यात गाळ, गाळात गांडुळं, आणि पाण्यासकट ती ओल्या गोधडीइतकी जड. एक टोक ओढलं की दहा फूट लांबचं हलतं. गटारीचं पाणी नदीत सोडल्यावर तिला खत मिळतं, ती वाढते, आपण ओढतो, पुढच्या महिन्यात ती तिथेच. माझ्या शेजारी ओढणारे एक शिक्षक म्हणाले, "हे म्हणजे वही तपासण्यासारखं आहे. संपत नाही म्हणून थांबता येत नाही." निवडणूक आली की नदी शुद्ध करण्याचे फलक लागतात आणि नंतर तेच फलक नदीत सापडतात. हे मी स्वतः ओढून काढलेल्या फ्लेक्सवरून सांगतेय.

वाईत राहायला गेलं की आणखी एक काम गळ्यात पडतं. ते पाहुण्यांचं. पुण्यात दहा वर्षांत न भेटलेले नातेवाईक वाईत राहायला गेल्यावर भेटले, कारण आम्ही महाबळेश्वरच्या वाटेवर होतो. शनिवारी सकाळी अकराला फोन यायचा: "अगं, सुरूरला आहोत, चहा टाक." सुरुवातीला मी उत्साहानं बारा ठिकाणं दाखवायचे. ढोल्या गणपती, त्याच्या जवळचं काशीविश्वेश्वर, महालक्ष्मी, मग मेणवली, मग धोमचं नृसिंहाचं देऊळ आणि पाण्याच्या कुंडातला कासवावरचा नंदी. संध्याकाळपर्यंत पाहुणेही दमायचे, मीही. डिसेंबरपर्यंत माझी यादी दोनवर आली. घाटावर अर्धा तास नुसतं बसायचं, आणि मेणवली.

मेणवलीला मी कितीही वेळा जायला तयार असायचे. नाना फडणविसांचा वाडा, चौकामागून चौक, भिंतींवर पुसट चित्रं, आणि मागच्या दारानं उतरलं की थेट कृष्णेचा घाट. तिथे एका छोट्या घुमटीत एक अगडबंब घंटा टांगलेली आहे, पंचधातूची. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या वेळी पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा आणल्या त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे. माझ्या आत्याचा नातू, आठ वर्षांचा, तिच्याखाली उभा राहून म्हणाला, "म्हणजे ही चोरीची आहे?" आत्या गोरीमोरी झाली. बाबा म्हणाले, "युद्धात आणलेल्या वस्तूला लूट म्हणतात, बाळा." नातू म्हणाला, "तेच ना." बाबांना पुढचं उत्तर सुचलं नाही. मला तर अजून सुचलेलं नाही.

एकदा भाजी आणायला निघाले तर घाटाच्या तोंडाशी एका पोरानं हात आडवा धरला. "मॅडम, रोलिंग आहे." आमच्या रोजच्या घाटावर देवनागरीतच पण हिंदी पाट्या लागल्या होत्या: शुद्ध देसी घी, पंडित भोजनालय. काठाला पाचपन्नास भगव्या कपड्यांतले साधू बसलेले, त्यातला एक आमचा पेपर टाकणारा मुलगा. वाईचा घाट पडद्यावर उत्तर भारतातलं गाव म्हणून खपतो हे ऐकून होते, पण भाजीची पिशवी घेऊन त्या उत्तर भारताच्या वेशीवर पाऊण तास उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली. पेपरवाल्याला दिवसाचे आठशे मिळाले म्हणे. त्या आठवड्यात पेपर रोज दुपारी आला.

बाबांची म्हणून एक वेगळी वाई होती, ती मी त्यांच्या मागून जाऊन बघितली. आमच्या घरी मराठी विश्वकोशाचे खंड आहेत, बाबांनी पगारातून एकेक करून घेतलेले. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ मध्ये आला. मधल्या एकोणचाळीस वर्षांत बाबांची मुलगी मोठी झाली, ते स्वतः निवृत्त झाले, आई गेली, आणि ते खंडांची वाट बघत राहिले. हे सगळं काम ज्या गावात चाललं ते हे गाव. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, म्हणजे इथे शिकून इथेच राहिलेले. मुंबई-पुणे सोडून एवढा कोश एका तालुक्याच्या गावात का, असं लोक विचारत असतील. पण इथे आधीपासून प्राज्ञपाठशाळा होती, नारायणशास्त्री मराठ्यांची. विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन शास्त्रं शिकायला त्यांच्याकडे आले होते. बाबा विश्वकोशाच्या कार्यालयात गेले ते इस्त्रीचा शर्ट घालून. तिथल्या बाईंनी विचारलं, काय काम आहे? बाबा म्हणाले, "काम काही नाही. आभार मानायचे होते." बाईंना काय बोलावं कळेना, त्यांनी चहा मागवला. घरी येऊन बाबा म्हणाले, फार मोठी लोकं आहेत. मी म्हटलं, तुम्ही भेटलात तरी कुणाला? तर म्हणाले, "सगळ्यांना."

थंडी सरताना कृष्णाबाईच्या उत्सवाचे वारे सुरू झाले. सात घाटांचे सात उत्सव, एकामागून एक, माघापासून पुढे चैत्रापर्यंत. अफझलखान १६५९ मध्ये वाईत तळ देऊन होता. त्या वेळी शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला, आणि तो फेडण्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी इथली परंपरा सांगते. घाटावर मांडव पडतो, देवी पालखीतून येऊन नदीकाठी बसते. कीर्तन, भजन, हळदीकुंकू, आणि शेवटी अख्ख्या आळीची पंगत, खरं तर अख्ख्या गावाची.

वर्गणीला मंडळी वाड्यात आली. मी पाचशे दिले. पावतीवर नाव काय घालायचं यावर दोन मिनिटं चर्चा झाली, माझं नाव मी सांगत असूनही. अखेर त्यांनी लिहिलं काकूंचं आडनाव, पुढे "यांच्याकडील पुणेकर". पावती मी जपून ठेवली आहे.

पंगतीच्या दिवशी सकाळी सहापासून बायका घाटावर. काकूंनी मला नेलं आणि एका पोक्त बाईंसमोर उभं केलं. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "वाढायला येतं?" मी म्हटलं येतं. तर त्यांनी माझ्या हातात मिठाची वाटी दिली. ज्यांनी पंगती वाढल्या आहेत त्यांना यातला अपमान कळेल. मीठ वाढायला आठ-नऊ वर्षांची पोरं असतात. माझ्या पुढे लिंबाच्या फोडी घेऊन एक चौथीतली मुलगी होती आणि ती मला दटावत होती: "डावीकडं, काकू, डावीकडं. वर. हां."

वाकून वाकून दोनशे पानांना मीठ वाढलं. नदीकडून वारा, पत्रावळी उडू नयेत म्हणून कडेला पाण्याचे पेले. मागून आमटीची बादली, तिचा तो गूळ-गोड्या मसाल्याचा वास, वाढणाऱ्यांच्या आरोळ्या: भात, भात, भात. तूप आलं तसा एक मोठा आवाज झाला, पुंडलिक वरदे, आणि घाटभर माणसं एकदम जेवायला लागली. बाबा तिसऱ्या पंगतीला कंडक्टरकाकांशेजारी. मी त्यांच्या पानात मीठ वाढलं तर मला ओळखीचं हसूसुद्धा नाही, दोघं पाण्याच्या दिशेनं बोट करून काही तरी मोजत होते.

दोन आठवड्यांनी शेजारच्या आळीचा उत्सव. तिथल्या आमटीत जरा गूळ जास्त होता, हेच ते लिहिणार होते. पण तिथे मला कोशिंबीर मिळाली. काकूंना मी सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी आमच्या आळीच्या त्या पोक्त बाई भेटल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आमटी घे." पुढच्या वर्षी आम्ही नसणार, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं, शेजारच्या गावात. सोनेश्वरापासून कृष्णेच्या काठावरून तो प्रचंड लाकडी गाडा निघतो, शिडाला वर बगाड्या, म्हणजे नवस फेडणारा माणूस, बांधलेला, खाली बैलांच्या जोड्या. मी लांबून, एका शेताच्या बांधावरून बघितलं. बघायला गेले हे खरं, पण गर्दी इतकी की मला मुख्यतः माणसांच्या पाठी आठवतात.

एप्रिलअखेर करार संपला. तोवर बाबांचा उजवा गुडघा इतका दुखायला लागला होता की दोराच्या जिन्यावरून ते दिवसातून एकदाच उतरायचे, सकाळी, घाटासाठी. ऑपरेशन पुण्यातच करायचं होतं. काकूंनी अनामत रक्कम पूर्ण परत दिली, वर एक किलो घरची हळद, आणि बजावलं: "कुणी विचारलं तर आळी सांग. वाई म्हणून मोघम सांगू नकोस."

त्यानंतर आम्ही दोनदा जाऊन आलो, पाहुणे म्हणून. एकदा मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला. आधीच्या अकरा महिन्यांत मे तेवढा निसटला होता. काकूंच्या माडीवर नवे भाडेकरू होते, म्हणून लॉजवर उतरलो. पूल ओलांडायला अर्धा तास लागला, महाबळेश्वरच्या गाड्यांची रांग. घाटाजवळ एका मुलानं पार्किंगचे पन्नास मागितले. मी म्हटलं, अरे आम्ही इथलेच. त्यानं गाडीची नंबर प्लेट बघितली, पुण्याची, आणि हात पुढेच ठेवला. दिले. गुडघा नवा असल्यानं बाबा पायऱ्या उतरू शकत होते, पण पाणी लांब होतं. पारावर बसून राहिलो. कंडक्टरकाका बाबांना सांगत होते की त्यांनी आजवर किती कन्यागत पाहिली. गुरू कन्या राशीत आला की गंगा वर्षभर कृष्णेत राहायला येते, बारा वर्षांनी एकदा, असं मानतात. मागचं २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये. इथले जुने लोक वय असंच मोजतात. काका म्हणाले, "मी सा बगितल्यात. सातवी दोघं मिळून बगू."

आता आम्ही पुण्यात, अजून भाड्याच्याच घरात, आमची इमारत चौथ्या मजल्यावर अडली आहे. जुलै लागला की साधारण सकाळी साडेसहाला बाबांचा फोन वाजतो. इकडून फक्त "बोला" ऐकू येतं. मग बाबा उठतात, चष्मा शोधतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जातात. आज सकाळी त्यांनी चौकोनात नऊ लिहिलं आणि मला म्हणाले, "वर महाबळेश्वरला पाऊस थांबलेला नाही. उद्या सातवर जाईल बघ."